कोणत्या रंगाशी जुळवायचं?

(जुन्या गाड्यांच्या चामडी सीटच्या रंगकामावरील पुस्तकाची प्रस्तावना)

बीड शहरात प्रवासी रेल्वे पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. आष्टीपर्यंतचा मार्ग २०२२ मध्येच सुरू झाला होता आणि परळीला गाडी कितीतरी आधीपासून येत होती; जिल्ह्याचं मुख्य ठाणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या रस्त्याच्या भरवशावर राहिलं. लग्नाचं वऱ्हाड, अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यायचा पेशंट, ऊसतोडीला निघालेलं बिऱ्हाड, मतदानाच्या पेट्या, सगळं चाकांवरून गेलं. अशा मुलखात गाडी मोडीत घालायची घाई कुणाला नसते. इंजिन उतरवून बांधतात, पाटे बदलतात, पत्रा ठोकून घेतात, आणि सगळं उरकल्यावर गाडी कुशनवाल्याच्या दारात येऊन उभी राहते. हे पुस्तक त्या शेवटच्या मुक्कामाविषयी आहे, आणि त्यातही एकाच कामाविषयी: जुन्या चामडी सीटला रंग देताना तो जुन्याशी जुळवायचा कसा.

काम ऐकायला किरकोळ वाटतं. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड चढता-उतरता घासून पांढरी पडलेली असते, बाकी सीट बरी असते. मालक म्हणतो, "होता तसा रंग करून द्या." कारागीर मान डोलावतो, डबे काढतो, कालवायला बसतो. इथेच काम बिघडतं, कारण "होता तसा" म्हणजे कधीचा, हे दोघांनीही ठरवलेलं नसतं.

तीस वर्षं उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या सीटवर निदान दोन रंग असतात. एक कारखान्यातून आलेला. तो आता फक्त पाठ आणि बैठक यांच्या फटीत, हेडरेस्टच्या दांड्यांपाशी, पायपिंगच्या शिवणीआड किंवा सीट उलटी केल्यावर खालच्या दुमडीत दिसतो. दुसरा आजचा, म्हणजे ऊन, घाम आणि धूळ यांनी घडवलेला. तिसरा रंग सीटवर नसतोच, मालकाच्या आठवणीत असतो, आणि तोच सर्वांत जास्त त्रास देतो. आठवणीतला रंग प्रत्यक्षापेक्षा भडक निघतो, हे रंगाच्या अभ्यासकांनी प्रयोग करून पाहिलेलं आहे. वडिलांच्या गाडीची सीट मुलाला कायम गडद लालच आठवते. शिवण उसवून बघावं तर आत विटकरी असते.

माझं म्हणणं एवढंच, की डबा उघडण्याआधी या तिन्हींतला एक निवडा आणि मालकाकडून तो वदवून घ्या. एखादीच कड किंवा एखादाच पट्टा रंगवायचा असेल, तर आजच्या रंगाशी जुळवायचं. सगळ्या सीटा, दारांचे पॅड, सगळंच एकदम निघणार असेल, तर शिवणीआडच्या रंगाशी. आठवणीतल्या रंगाशी कधीच नाही. पण तसं मालकाला तोंडावर सांगण्यापेक्षा सीट उलटी करून खालची दुमड दाखवावी. वाद तिथेच मिटतो.

यापुढे जाण्याआधी एक कटू गोष्ट. आपल्याकडे ज्याला सरसकट लेदर म्हणतात, त्यातलं पुष्कळ लेदर नसतंच. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून उत्तरपाड्यात बांधलेली अ‍ॅम्बेसेडर, कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी, महिंद्राची जीप, काळी-पिवळी होऊन गावोगाव धावलेल्या तिच्या पुढच्या बहिणी, या सगळ्यांच्या बैठका बहुतेक रेक्झीनच्या. सुरुवातीचं रेक्झीन म्हणजे कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर. नंतर त्याची जागा पीव्हीसीने घेतली. मर्सिडीजने १९९५ पासून पुण्यात गाड्या बांधायला घेतल्या, आणि त्या आता जुन्या होऊन दुसऱ्या-तिसऱ्या हाताने मराठवाड्यात येतात. त्यांच्या सीटा बघून तर भलेभले फसतात. मर्सिडीजचं एमबी-टेक्स नावाचं कृत्रिम आवरण इतकं हुबेहूब असे, की वर्षानुवर्षं त्यावर बसणारा मालकही ते कातडंच समजतो.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. सीटच्या पोटातली कापलेली कड बघावी. मागे विणलेलं कापड दिसलं तर रेक्झीन. धागे-धागे सुटल्यासारखी केसाळ कड असेल तर कातडं. त्या कडेचा रंगही बघून ठेवावा: तपकिरी असेल तर झाडाच्या सालीने कमावलेलं, निळसर राखाडी असेल तर क्रोमने. क्रोमची कमावणी ऑगस्टस शुल्ट्झ याच्या १८८४ च्या अमेरिकी पेटंटनंतर जगभर पसरली आणि आज गाड्यांचं बहुतेक कातडं त्याच रीतीने कमावलं जातं. कातड्याचा रंग रेक्झीनला लावला तर तो महिन्याभरात सालीसारखा निघतो. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं, ते हळूहळू वर येतं आणि रंगाला खालून सोडवतं. रेक्झीनचा रंग वेगळा, त्याची तयारी वेगळी. या पुस्तकात त्याला एकच छोटं प्रकरण दिलं आहे, तेही केवळ लोकांची फसगत होऊ नये म्हणून.

कातड्याच्या बाबतीत बीडकरांना परकं वाटण्याचं खरं तर कारण नाही. निजामाच्या काळातल्या गॅझेटियरात बीडच्या छागलींचा, म्हणजे पाण्याच्या चामडी पिशव्यांचा, आवर्जून उल्लेख आहे. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होतं आणि तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. घोडदळ आलं की खोगीर, लगाम, रिकिबीचे पट्टे आले, आणि ते उसवले-फाटले की शिवून देणारे हातही आले. मोटारीची सीट शिवणारा कारागीर नात्याने खोगीर शिवणाऱ्याचाच वारस, हे फक्त आपल्याकडेच नाही. विलायतेतही घोडागाड्यांच्या बैठका मढवणारी घराणीच पुढे मोटारींकडे वळली. लंडनमध्ये १८७८ ला सुरू झालेल्या कॉनली बंधूंच्या पेढीचंच कातडं पुढे रोल्स-रॉइस आणि जॅग्वारच्या सीटांवर चढलं. तिची चामडी कमावणारी शाखा बंद पडली, तरी तिचे रंगक्रमांक जुन्या गाड्यांचे शौकीन आजही तोंडपाठ सांगतात.

इथे तरवडाविषयी थोडं विस्ताराने लिहितो, कारण रंग जुळवण्याशी त्याचा थेट संबंध आहे. बालाघाटाच्या उजाड उतारांवर वाढणारं, गुरंही ज्याला तोंड लावत नाहीत असं हे पिवळ्या फुलांचं झुडूप. नवरात्रात घटाला त्याच्या फुलांची माळ घालतात. त्याची साल टॅनिनने भरलेली असते आणि दक्षिण हिंदुस्थानात कातडी कमावण्याचं ते एक मुख्य साधन होतं. मद्रासेहून विलायतेला जाणारी कातडी मोठ्या प्रमाणात याच सालीने कमावलेली असत. या कातड्याची एक खोड होती: उजेडात राहिलं की ते तांबूस होत जाई. बाभळीच्या सालीचंही थोडंफार तसंच. त्यावरचा उपायही कारागिरांनीच काढला होता, शेवटच्या टप्प्यावर हिरड्याच्या पाण्याची अंघोळ. हिरड्याचं टॅनिन वेगळ्या जातीचं, पिवळसर, उन्हात तांबूस न होणारं. म्हणजे रंगाचा हात फिरण्याआधीच, केवळ कमावणीतून, कातड्याचा पुढच्या वीस वर्षांचा रंग ठरत होता, आणि ते ज्यांना कळत होतं त्यांना रसायनशास्त्राचं एक पुस्तकही वाचायला मिळालेलं नव्हतं.

हे ज्ञान ज्यांच्याजवळ होतं, त्या ढोर आणि चर्मकार समाजांना गावाने कातडी कमावायच्या कुंडाच्या वासासकट वेशीबाहेर ठेवलं. त्यांच्या हातचं खोगीर चाललं, मोट चालली, जोडा चालला, माणूस चालला नाही. त्यामुळे ही विद्या बापाकडून लेकाकडे बोलून गेली, कागदावर आलीच नाही. मराठीत सोनारकामावर, पाकशास्त्रावर, ज्योतिषावर जुनी पुस्तकं सापडतात. कातडं रंगवण्यावर हाताच्या बोटांइतकीही नाहीत. कारण लिहिणाऱ्यांनी कातड्याला हात लावला नाही आणि हात लावणाऱ्यांच्या हाती लेखणी येऊ दिली नाही. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून या विषयात उत्तम काम करते आहे, पण तिथलं संशोधन आपल्या कुशनवाल्यापर्यंत त्याच्या भाषेत पोचत नाही. हे पुस्तक लिहिण्याचं मला वाटलेलं सर्वांत मोठं कारण हेच.

आता सीटकडे परत. कातड्यावर रंग दोन रीतींनी बसतो. एकात रंग कातड्यात मुरतो, वर जवळजवळ काही राहत नाही; छिद्रं, जुन्या जखमांच्या खुणा सगळं दिसतं. याला अ‍ॅनिलिन म्हणतात. दुसऱ्यात कातड्यावर रंगद्रव्याचा थर बसवतात, त्यावर संरक्षक थर. गाड्यांच्या सीटा बहुतेक या दुसऱ्या प्रकारच्या. पाण्याचा एक थेंब टाकून बघावा: थेंब लगेच मुरून डाग गडद झाला तर पहिला प्रकार, थेंब तसाच बसून राहिला तर दुसरा. पहिल्या प्रकारच्या सीटला पिगमेंटचा हात दिला तर ती रंगते खरी, पण तिचं कातडेपण झाकलं जातं. अशा सीटचं काम ज्याला येत नाही त्याने ते नाकारावं. नाकारण्यात कमीपणा नाही.

रंग बघण्याआधी सीट धुवावी लागते, हे सांगायला नको असं वाटेल. पण बहुतेक चुकीचे रंग मळाशी जुळवलेले असतात. बीडची काळी माती बारीक उडते आणि कातड्याच्या दाण्यात बसते; डोकं टेकतं तिथे खोबरेल तेलाचा वर्षानुवर्षांचा थर असतो, त्याने बदामी कातडं काथ्यासारखं दिसायला लागतं. सौम्य साबणाच्या फेसाने, ओल्या फडक्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढलं की सीट निदान एक-दोन छटा उजळते, आणि आजचा खरा रंग तेव्हा कुठे समोर येतो. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये. मळ झटकन निघतो म्हणून ते सर्रास वापरतात, पण त्याबरोबर कातडं मऊ ठेवणारं तेलही निघून जातं आणि पुढच्या उन्हाळ्यात सीट तडकते. दोष मग रंगाच्या माथी येतो.

उजेडाचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांब आहे. ते लांब का, हे आपल्याकडच्या कोणत्याही गॅरेजच्या दारात उभं राहून कळेल. वर पत्रा, पुढे ऊन अडवायला हिरवी शेडनेट किंवा निळी ताडपत्री, आत एक एलईडी दिवा. हिरव्या जाळीतून आलेल्या उजेडात लाल भाग फार थोडा उरतो. त्यामुळे कालवलेल्या रंगात लाल कमी पडला आहे की जास्त झाला आहे, हे डोळ्याला दिसतच नाही. सीट जाळीखाली जुळते आणि गाडी रस्त्यावर काढली की एक पट्टा पेटल्यासारखा दिसतो. निळ्या ताडपत्रीखाली पिवळ्याच्या बाबतीत तीच गत.

याहून अवघड एक भानगड आहे, आणि तिला कोणतीही ताडपत्री जबाबदार नाही. दोन रंग एका उजेडात अगदी एकसारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. शास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन जातींच्या. तिघींना मिळून जे माप मिळतं ते सारखं आलं की मेंदू म्हणतो, रंग सारखा. पण तेच माप वेगवेगळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणातूनही येऊ शकतं, आणि उजेड बदलला की त्यांचा हिशेब बदलतो. जुन्या सीटांच्या बाबतीत हे हटकून घडतं, कारण पूर्वीच्या रंगांत शिसेयुक्त क्रोम पिवळा सर्रास असे आणि आज आपण लोह ऑक्साइडचा पिवळा वापरतो. म्हणून जुळवलेला नमुना निदान तीन ठिकाणी बघावा: सकाळी दहाच्या सुमारास उघड्यावरच्या सावलीत, भर उन्हात, आणि रात्री दिव्याखाली. तिन्हीकडे पूर्ण जुळवणं नेहमी शक्य नसतं. अशा वेळी दिवसाच्या सावलीतल्या जुळणीला मान द्यावा, कारण गाडी लोक दिवसा बघतात. जाता जाता: त्या जुन्या पिवळ्या-लाल थरांवर पॉलिश पेपर मारताना उडणारी धूळ शिसे पोटात नेऊ शकते. ओला पेपर वापरा आणि तोंडाला नीट बसणारा मास्क लावा. खांद्यावरचा रुमाल पुरत नाही.

उजेडाइतकाच शेजारचा रंगही डोळ्याला फसवतो. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख म्हणून १८२४ मध्ये मिशेल शेव्रल नावाचा रसायनतज्ज्ञ नेमला गेला. त्याच्यापुढे तक्रार आली की काळा धागा नीट काळा रंगत नाही. त्याने रंग तपासला, तो ठीक होता. दोष शेजारच्या धाग्यात होता: निळ्या-जांभळ्याजवळ ठेवलेला काळा डोळ्याला फिका दिसत होता. यातून त्याने १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, आणि चित्रकारांनी तो पुढे डोक्यावर घेतला. कुशनवाल्याला त्याचा उपयोग असा: लाल बॉडीच्या गाडीत बदामी सीट किंचित हिरवट दिसते, हिरव्या जीपमध्ये तीच सीट तांबूस. म्हणून नमुना बाकावर जुळवून थांबू नये, गाडीत, त्याच्या जागेवर ठेवून बघावा. आणि डोळ्यांना विसावा द्यावा. एकाच लालकडे टक लावून बसलं की डोळा त्या लालला थकतो आणि तो फिका वाटायला लागतो. माणूस आणखी लाल घालतो.

डोळ्यांचाच विषय निघाला म्हणून एक नाजूक गोष्ट. पुरुषांपैकी काहींना जन्मतःच लाल-हिरव्यातला फरक कमी दिसतो, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसतो. इशिहाराच्या ठिपक्यांच्या तक्त्यांनी (हे तक्ते १९१७ चे) ही तपासणी दोन मिनिटांत होते. रंग कालवणाऱ्याने ती एकदा करून घ्यावी. दोष निघालाच तर शिवणकामात तो आडवा येत नाही. कालवायला शेजारी दुसरा डोळा बसवता येतो.

कालवण्याविषयी इथे फार लिहीत नाही, ते पुढे तपशिलाने आहे. मुद्दे दोन-तीनच. कातड्याचे बहुतेक तपकिरी रंग पिवळा, लाल, काळा आणि पांढरा या चारांतून निघतात. सुरुवात फिक्याकडून करायची आणि गडद थेंबाथेंबाने चढवायचा, कारण काजळीच्या काळ्याचा एक थेंब जास्त पडला तर तो परत काढायला डबाभर पिवळा लागतो. पिवळ्यात काळा घातला की तो हिरव्याकडे झुकतो, ही सगळ्यांना छळणारी गोष्ट आहे. तो हिरवटपणा मारायला थोडा लाल हवा. लालमध्ये पांढरा घातला की फिका लाल मिळत नाही, गुलाबी मिळतो. आणि ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक रंगाचा चिकटा ओला असताना दुधासारखा पांढुरका असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून रंग वाळून गडद येतो. सीटच्या दडलेल्या कोपऱ्यावर एक बोट ओढायचं, हेअर ड्रायरने वाळवायचं, मग बघायचं. त्यावर जो शेवटचा संरक्षक थर येणार आहे तोही नमुन्यावर लावूनच निर्णय घ्यायचा. तोच रंग चकचकीत थराखाली खोल दिसतो आणि मंद थराखाली फिका. रंग बरोबर आणि चमक चूक, एवढ्यावर कित्येक चांगली कामं नापास झालेली आहेत.

आपल्या हवामानाशीही मेळ घालावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की स्प्रे गनमधून निघालेला रंग सीटवर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग खडूसारखा खरखरीत होतो. खरखरीत पृष्ठभाग उजेड विखरून टाकतो, म्हणून रंग फिका भासतो आणि कारागीर उगाच मिश्रण बदलत बसतो. उन्हाळ्यात हे काम पहाटे उरकावं. पावसाळ्यात उलट, दोन हातांमध्ये जास्त वेळ द्यावा. पातळ हात, अनेक हात. जाड एक हात कधीच नाही.

यंत्राने रंग मोजता येतो का, असं हल्ली पुष्कळ जण विचारतात. येतो. १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने रंग आकड्यांत मांडायची रीत ठरवली आणि १९७६ मध्ये ती सुधारली. बॉडीपेंटच्या मोठ्या दुकानांत रंग वाचणारं जे यंत्र असतं, ते त्यावरच चालतं. सपाट पत्र्यावर ते झकास चालतं. कातड्याला मात्र दाणा असतो, सुरकुत्या असतात, एकाच सीटवर हातभर अंतरावर रंग वेगळा असतो, त्यामुळे यंत्राने दिलेला आकडा हा सुरुवातीचा पत्ता समजावा. गाडीच्या पाटीवरून किंवा कागदपत्रांवरून मिळणाऱ्या रंगक्रमांकाचंही तसंच: तो कारखान्यातला रंग सांगतो, आजचा नाही. मोबाइलने फोटो काढून रंग ओळखणारी अ‍ॅप्स तर या कामात बाजूलाच ठेवावीत. मोबाइलचा कॅमेरा उजेडाप्रमाणे फोटोतले रंग स्वतःच्या मनाने सुधारतो. जे आपल्याला तपासायचं तेच तो आधी बदलून टाकतो.

आता बूट पॉलिशविषयी. ते लावू नका. ते रंग देत नाही, रंग उधार देतो, आणि उधारी बसणाऱ्याच्या कपड्यांवरून वसूल होते. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेला माणूस गाडीत बसणार हे गृहीतच धरावं लागतं, तिथे हा प्रयोग कारागिराच्या जिवावर बेतू शकतो. कोणत्याही रंगकामानंतर पांढरं सुती फडकं आधी कोरडं, मग ओलं करून दाबून घासून बघावं. फडक्यावर रंग आला तर गाडी द्यायची नाही, मग मालक कितीही घाईत असो.

एक प्रश्न उरतो, आणि त्यावर माझं मत काहींना पटणार नाही. प्रत्येक जुनी सीट रंगवावी का? २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळी नोंदणी सुरू केली, त्यांच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं येतात, आणि गाडी मूळ स्वरूपात असावी अशी अट आहे. ती अट चॅसी, बॉडी आणि इंजिनाबद्दल बोलते. सीटच्या रंगाबद्दल नाही. पण जुन्या गाड्यांच्या क्लबांची जागतिक संघटना, १९६६ मध्ये स्थापन झालेली फिवा, आपल्या ट्युरिन सनदेत जुनं शक्य तितकं जपावं, नवं करण्याची घाई करू नये, असंच सांगते. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाची १९१२ ची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट आहे. अशा गाडीकडे लक्ष द्यायला माणसं असतात, पैसा असतो. जिल्ह्याच्या गावातल्या वाड्यात पत्र्याखाली उभ्या असलेल्या ऑस्टिनला किंवा शेव्हरोलेला ते नसतं, आणि म्हणूनच तिच्यावर हौसेचा हात लवकर पडतो. अशा गाडीची सीट मूळ कातड्याची असेल, फाटलेली नसेल, नुसती विटलेली असेल, तर ती धुवा, तेल द्या आणि तशीच ठेवा. विटलेपणा हा दोष नाही. नवा रंग कधीही देता येतो. पुसलेला जुना परत आणता येत नाही. रोज वापरात असलेली गाडी, उघडं पडून तडकायला लागलेलं कातडं, पूर्वी कुणीतरी चुकीचा रंग फासून ठेवलेली सीट, ही कामं मात्र बिनदिक्कत घ्यावीत.

या पुस्तकात सीट शिवायला शिकवलेलं नाही, फोम आणि स्प्रिंगांचं काम नाही, दरांचे तक्तेही नाहीत. मिश्रणांची कोष्टकं आहेत, पण ती डोळे झाकून वापरण्यासाठी नाहीत; प्रत्येक कंपनीचा लाल निराळा आणि प्रत्येक सीटचं ऊन निराळं. रंगांची नावं शक्य तिथे आपली ठेवली आहेत: विटकरी, बदामी, अंजिरी, डाळिंबी, राखाडी, काथ्या. कारागीर आणि गिऱ्हाईक दोघंही याच नावांनी बोलतात, आणि कंपन्यांच्या कार्डांवरच्या नावांपेक्षा ती जास्त नेमकी आहेत.

कारागिरांना एकच विनंती आहे. प्रत्येक कामानंतर त्या रंगाचा एक हात कातड्याच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर द्या, मागे बॉलपेनने गाडीचं मॉडेल, मिश्रणाचं माप, शेवटच्या थराची चमक आणि तारीख लिहा, आणि तो तुकडा उजेड न लागणाऱ्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. गाडी पुन्हा आली तर काम अर्ध्या वेळात होईल. असे डबे चार-पाच दुकानांत साठले, तर मला या पुस्तकाची पुढची आवृत्ती त्यांवरून लिहिता येईल, आणि ती या आवृत्तीपेक्षा चांगली असेल.